ताऱ्यांच्या गर्दीत दडलेलं कृष्णविवर क्ष-किरणांतून कसं शोधायचं

एनजीसी ४९४५ ही दीर्घिका आपल्यापासून सुमारे १ कोटी २० लाख प्रकाशवर्षांवर आहे. विश्वाच्या मापाने अगदी शेजारी. दृश्य प्रकाशात तिच्या केंद्राचा वर्णपट पाहिला, तर नव्या ताऱ्यांची गर्दी दिसते, धूळ दिसते. पण तिथलं कृष्णविवर पदार्थ गिळतंय याची खूण काही दिसत नाही. १० केईव्हीच्या (म्हणजे १० हजार इलेक्ट्रॉनव्होल्टच्या) खाली क्ष-किरणांतही केंद्र मंदच भासतं. आणि १० च्या वर गेलं, की हीच दीर्घिका आकाशातल्या सर्वांत तेजस्वी सक्रिय केंद्रकांच्या (पदार्थ गिळणाऱ्या कृष्णविवरामुळे उजळलेल्या दीर्घिका-केंद्रांच्या) पंगतीत जाऊन बसते.

असं आणखी किती दडलेलं आहे, या प्रश्नानेच मला या विषयात ओढलं. ताऱ्यांचा जन्म आणि कृष्णविवराची वाढ, दोन्ही एकाच वायूवर पोसतात. वायू मुबलक असतो तिथे दोन्ही कामं जोरात चालतात, आणि नेमका तिथेच मधला पडदा सर्वांत जाड असतो. म्हणजे कृष्णविवर भराभर वाढण्याचा काळच आपल्या नजरेतून निसटण्याची भीती जास्त.

वर्णपट म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक आहे, थोडंफार पायथन ज्यांनी चालवलं आहे आणि संग्रहातली खरी निरीक्षणं उघडून स्वतः शोध घ्यायची ज्यांची इच्छा आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. सगळ्या पायऱ्यांमागे शिस्त एकच: आधी ताऱ्यांचा हिशेब पुरा करा, मग जे उरेल ते कृष्णविवराच्या नावावर लिहा. हा क्रम उलटवला, की आपल्याला हवं तेच सापडतं.

क्ष-किरणांचे वाटेकरी

तारे घडवणाऱ्या दीर्घिकेत क्ष-किरणांना, मोठं कृष्णविवर सोडूनही, बरेच वाटेकरी असतात.

पहिला वाटा जड जोडताऱ्यांचा. भरभक्कम तारा आणि त्याच्याभोवती फिरणारा न्यूट्रॉन तारा किंवा छोटं कृष्णविवर, अशी ही जोडी. जड तारा अल्पायुषी, म्हणून ही जोडी ताऱ्यांच्या जन्मानंतर काही दशलक्ष वर्षांत पेटते आणि लवकरच विझते. त्यामुळे त्यांची एकूण दीप्ती आजच्या ताराजन्माच्या वेगाबरोबर चालते. दुसरा वाटा हलक्या जोडताऱ्यांचा. ते जुने आणि संथ, त्यांचा संबंध दीर्घिकेत आजवर साठलेल्या एकूण तारकीय वस्तुमानाशी. तिसरा वाटा तापलेल्या वायूचा. सुपरनोव्हांनी आणि तारकीय वाऱ्यांनी ढवळलेल्या या वायूचं तापमान साधारण ०.२ आणि ०.७ केईव्ही अशा दोन घटकांत मांडता येतं, आणि त्याचा प्रकाश बहुतेक २ केईव्हीच्या खाली संपतो.

चौथा वाटेकरी सर्वांत फसवा: अतितेजस्वी क्ष-किरण स्रोत. एकट्याची दीप्ती १०^३९ अर्ग प्रति सेकंदाच्या वर (१०^३९ म्हणजे एकावर ३९ शून्यं). एम८२ या ताराजन्माच्या उधाणात असलेल्या दीर्घिकेच्या मध्यभागी असे दोन स्रोत एकमेकांपासून अवघ्या ५ विकलांवर (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) आहेत. त्यांतल्या एक्स-२ मधून १.३७ सेकंदांच्या अंतराने नियमित स्पंद येतात, हे नूस्टार दुर्बिणीच्या निरीक्षणांतून २०१४ मध्ये जाहीर झालं. म्हणजे तो न्यूट्रॉन तारा निघाला! तेजस्वी आहे, केंद्राजवळ आहे, कठीण (म्हणजे जास्त ऊर्जेचे) क्ष-किरण देतो, एवढ्यावरून अतिभारी कृष्णविवर घोषित करायचं नसतं, हे एम८२ इतकं स्पष्टपणे दुसरं कोणी शिकवत नाही.

आता पडद्याचं. वाटेतल्या वायूची जाडी स्तंभघनतेत मोजतात: एका चौरस सेंटिमीटरच्या नळीत हायड्रोजनचे किती अणू. १०^२२ असेल तर १ केईव्हीच्या आसपासचा प्रकाश गिळला जातो, १०^२३ असेल तर ३ ते ४ पर्यंतचा. १.५ × १०^२४ च्या पुढे गेलं, की इलेक्ट्रॉनांवरून विखुरणंच पडद्याचं काम करू लागतं. अशा केंद्रकांना कॉम्प्टन-जाड म्हणतात. तिथे २ ते १० केईव्हीच्या पट्ट्यात सरळ येणारा प्रकाश जवळपास संपतो आणि पलीकडच्या भिंतीवरून परावर्तित होऊन आलेला तेवढा उरतो. दीप्ती खऱ्यापेक्षा दहापट, प्रसंगी शंभरपट कमी भासते.

दुर्बिणीच्या आधी कागद: ताऱ्यांचा वाटा काढणं

दीर्घिका निवडली की चार गोष्टी जमवा: अंतर, तारकीय वस्तुमान, ताराजन्माचा वेग आणि केंद्रकाची नेमकी जागा. केंद्रकाची जागा रेडिओ किंवा अवरक्त निरीक्षणांतून घ्या. धुळीच्या दीर्घिकेत दृश्य प्रकाशातला सर्वांत उजळ ठिपका हा केंद्रक असेलच असं नाही. धूळ जिथे विरळ, तिथे तो दिसतो, एवढंच.

ताराजन्माचा वेग बहुधा अवरक्त दीप्तीवरून काढतात, आणि इथे एक चक्राकार सापळा आहे. लपलेलं कृष्णविवरही धूळ तापवतं. ती ऊब ताऱ्यांच्या खात्यात जमा झाली, की ताऱ्यांकडून अपेक्षित क्ष-किरण फुगतात आणि शिल्लक काही उरतच नाही. विशेषतः मध्य-अवरक्त, २४ मायक्रॉनच्या आसपासचा एकच आकडा घेऊन वेग काढू नका. दूर-अवरक्त मोजमाप वापरा, किंवा सिगालसारख्या प्रणालीत अतिनील ते दूर-अवरक्त सगळे बिंदू देऊन सक्रिय केंद्रकाचा घटक आधीपासून मॉडेलमध्ये ठेवा.

मग हिशेब. जवळच्या दीर्घिकांसाठी लेमर आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दिलेलं सूत्र सोपं आणि भरवशाचं आहे. २ ते १० केईव्हीमधली अपेक्षित दीप्ती म्हणजे ९.०५ × १०^२८ गुणिले सूर्याच्या पटीतलं तारकीय वस्तुमान, अधिक १.६२ × १०^३९ गुणिले वर्षाला किती सूर्यांइतके तारे जन्मतात तो आकडा.

एक कल्पित दीर्घिका घेऊ आणि लेखभर तिलाच धरून राहू. अंतर १०० मेगापार्सेक (सुमारे ३३ कोटी प्रकाशवर्षं), तारकीय वस्तुमान ५ × १०^१० सूर्य, ताराजन्म वर्षाला १० सूर्य. जुन्या ताऱ्यांचा वाटा ४.५ × १०^३९, नव्यांचा १.६ × १०^४०. एकूण २.१ × १०^४० अर्ग प्रति सेकंद. त्या अंतरावरून पृथ्वीवर पोहोचणारा फ्लक्स साधारण १.७ × १०^-१४ अर्ग प्रति चौरस सेंटिमीटर प्रति सेकंद.

या सूत्राचा विखुरलेपणा ०.३४ डेक्स आहे, म्हणजे वर-खाली सव्वादोनपट हे रोजचंच. संपूर्ण दीर्घिकेची मोजलेली दीप्ती ९ × १०^४० आली, तर ती अपेक्षेच्या चौपट असूनही दोन सिग्मांच्या आतच राहते. २ × १०^४१ आली, तर जवळपास तीन सिग्मा, आणि तेव्हा कान टवकारायला हरकत नाही. कमी धातू असलेल्या लहान दीर्घिकांत जड जोडतारे ताराजन्माच्या मानाने कितीतरी जास्त तेजस्वी असतात, तिथे हे सूत्र जसंच्या तसं लावू नका.

१०^४२ च्या वर म्हणजे सक्रिय केंद्रक, ही रूढ रेघ तुम्ही अनेक ठिकाणी वाचाल. ती सोयीची आहे, पण आपल्या कामाला अपुरी. वर्षाला ६०० सूर्य घडवणारी, अवरक्तात अतितेजस्वी दीर्घिका नुसत्या जोडताऱ्यांवर त्या रेघेला टेकते. दुसरीकडे, कॉम्प्टन-जाड पडद्यामागचं खणखणीत केंद्रक १०^४० पाशी दिसू शकतं. रेघ पाहून निकाल लावणाऱ्या यादीत पहिली दीर्घिका चुकून शिरते आणि दुसरी चुकून गळते.

कोणती दुर्बीण कशासाठी

इथे घाई नको, कारण पुढचं यश बरंचसं याच निवडीवर ठरतं.

चंद्रा, जुलै १९९९ पासून आकाशात. तिची नजर अर्ध्या विकलेची, आजही क्ष-किरणांत तोड नाही. आपल्या १०० मेगापार्सेकवरच्या दीर्घिकेत एक विकला म्हणजे सुमारे ४८५ पार्सेक. त्यामुळे केंद्रक आणि बाजूचे जोडतारे वेगळे काढता येतात. एनजीसी ६२४० या एकमेकींत मिसळणाऱ्या जोडीत साधारण दीड विकलेच्या अंतरावर दोन सक्रिय केंद्रकं आहेत, हे चंद्रामुळेच २००३ च्या सुमारास उघड झालं. मात्र ७ केईव्हीच्या वर तिची ताकद झपाट्याने ओसरते.

एक्सएमएम-न्यूटन, डिसेंबर १९९९. आरसे मोठे, फोटॉन भरपूर, पण अर्धा प्रकाश सामावणारं वर्तुळ १५ विकलांचं. आपल्या दीर्घिकेत हे ७ हजार पार्सेक झाले, म्हणजे केंद्रकाबरोबर बरीचशी दीर्घिकाही आत आली. वर्णपटाचा आकार आणि लोहाची रेषा नीट मोजायला मात्र हीच बरी.

नूस्टार, जून २०१२. ३ ते ७९ केईव्ही. नजर बोथट, अर्ध्या प्रकाशाचा व्यास जवळपास एक कला (६० विकला). तरीही माझ्या मते लपलेल्या केंद्रकांसाठी ही सर्वांत मोलाची दुर्बीण. एनजीसी २५३, एम८३, एनजीसी ३३१० यांसारख्या ताराजन्माच्या दीर्घिकांवर तिने दाखवलं, की जोडताऱ्यांचा एकत्रित वर्णपट १० केईव्हीच्या वर वेगाने कोसळतो. पडद्यामागच्या केंद्रकाचा वर्णपट नेमका तिथेच उंचावतो आणि २० ते ३० च्या दरम्यान त्याला कुबड येतं. एक उतरतो, दुसरा चढतो. दोघांतला फरक इतका ठळक दुसरीकडे कुठेच नाही.

या तिघींची जोड हाच आदर्श. चंद्रा सांगते कुठून, नूस्टार सांगते कशामुळे. नूस्टारच्या एका कलेत आणखी कोण कोण तेजस्वी बसलंय, हे चंद्राच्या चित्रात पाहिल्याशिवाय नूस्टारच्या वर्णपटाला हात लावू नका.

स्विफ्टच्या बॅट उपकरणाचं १४ ते १९५ केईव्हीचं सर्वेक्षण पूर्ण आकाशाचं आहे, पण उथळ. तुमची दीर्घिका त्यात असेल तर उत्तमच. ईरोसिटा या क्ष-किरण दुर्बिणीच्या पहिल्या फेरीची यादी जानेवारी २०२४ मध्ये खुली झाली, जवळपास ९ लाख स्रोतांची. तिचा भर मऊ क्ष-किरणांवर, म्हणून जाड पडद्यामागचे तिच्यातून सुटतात.

निरीक्षण उतरवणं आणि साफ करणं

चंद्राच्या संग्रहातून निरीक्षण क्रमांक शोधा आणि चाओ या सॉफ्टवेअरमधल्या चंद्रा_रिप्रो या आज्ञेने ते ताज्या कॅलिब्रेशनसह पुन्हा तयार करा. संग्रहातली जुनी तयार फाइल थेट वापरायचा मोह टाळा. एक्सएमएमच्या बाबतीत प्रोटॉनांच्या झोतांचा काळ छाटावा लागतो: पीएन डिटेक्टरवर १० ते १२ केईव्हीचा प्रकाशवक्र काढून ०.४ प्रति सेकंदाच्या वरचा वेळ टाकून देणं, ही नेहमीची सुरुवात. वक्र डोळ्यांनी पाहूनच छाटणी ठरवा, कधी अर्धं निरीक्षण त्यात जातं. नूस्टारला न्यूपाइपलाइन ही तिची तयार आज्ञा पुरते. २० ते ३५ केईव्हीमध्ये डिटेक्टरच्या स्वतःच्या रेषा पार्श्वभूमीत असतात आणि आपण शोधतोय ते कुबडही तिथेच. म्हणून पार्श्वभूमी त्याच डिटेक्टर-चिपवरून घ्या.

नंतर चित्राची जागा जुळवा. चंद्राचं निशाण सहसा एका विकलेच्या आत असतं, पण आपल्याला त्याहून बारीक हवं. चौकटीतले पाच-सहा दूरचे बिंदुस्रोत गाया उपग्रहाच्या किंवा अवरक्त यादीशी जुळवा आणि पूर्ण चित्र सरकवून घ्या. हे केल्यावर केंद्रकापासून अर्ध्या विकलेवर दिसणारा ठिपका खरोखर केंद्रक आहे की बाजूचा जोडतारा, यावर काही बोलता येतं.

३१ फोटॉन

आता आपल्या दीर्घिकेकडे. समजा चंद्राचं ४० हजार सेकंदांचं निरीक्षण आहे आणि दीर्घिका चित्राच्या मध्यावर आहे. केंद्रकाभोवती दोन विकला त्रिज्येचं वर्तुळ टाकलं. आत ३१ फोटॉन. एवढ्या छोट्या वर्तुळात पार्श्वभूमीचा जेमतेम एखादा, म्हणून जवळपास सगळे खरे.

३१ हा आकडा पाहून निराश होऊ नका. या क्षेत्रात कित्येक निर्णय याहून कमी फोटॉनांवर घ्यावे लागतात. त्यांना ढिगात न लोटता एकेकाची ऊर्जा वहीत उतरवून काढा, ही माझी जुनी सवय आहे आणि ती मी प्रत्येकाला सांगते. ९ फोटॉन ०.५ ते २ केईव्हीमध्ये आहेत. २२ फोटॉन २ ते ७ मध्ये. आणि त्या २२ पैकी ५ केवळ ६.१ ते ६.४ या चिंचोळ्या फटीत.

फ्लक्स काढला. २ ते १० केईव्हीमध्ये दीप्ती १.३ × १०^४० च्या आसपास येते. वर्तुळात दीर्घिकेतल्या ताराजन्माचा तिसरा हिस्सा असेल, तर जोडताऱ्यांकडून ५ × १०^३९ अपेक्षित होते. अडीचपट जास्त. पण लहान भागात मोजके जोडतारे असतात, एखादाच तेजस्वी निघाला की आकडा उडी मारतो. तेव्हा नुसत्या दीप्तीवर इथे काहीच सिद्ध होत नाही. जो फक्त दीप्ती पाहील, तो ही दीर्घिका ‘सामान्य’ म्हणून बाजूला ठेवेल.

आकार मात्र वेगळं सांगतो. कठीणतेचं गुणोत्तर म्हणजे कठीण वजा मऊ, भागिले दोन्हींची बेरीज: २२ वजा ९, भागिले ३१, म्हणजे ०.४२. पडदा नसलेला, १.८ उताराचा (उतार म्हणजे ऊर्जेबरोबर फोटॉन किती झपाट्याने घटतात तो घातांक) साधा वर्णपट असता तर हा आकडा ऋण आला असता. किती ऋण, ते निरीक्षणाच्या वर्षावर अवलंबून: चंद्राच्या डिटेक्टरपुढच्या गाळणीवर वर्षानुवर्षं मळाचा थर चढत गेला आहे आणि मऊ फोटॉन आता कमी पोहोचतात. त्यामुळे २००१ मधलं ०.१ आणि २०२१ मधलं ०.१ यांचा अर्थ एक नव्हे. त्या-त्या वर्षाच्या प्रतिसाद-फायलींनी (डिटेक्टर कोणत्या ऊर्जेचे किती फोटॉन पकडतो, हे सांगणाऱ्या) पिम्स किंवा शेर्पा या सॉफ्टवेअरमध्ये अपेक्षित आकडा काढून मगच तुलना करा. आणि इतक्या थोड्या फोटॉनांवर चुकीची मर्यादा वर्गमुळाने काढू नका. बेयसच्या पद्धतीने गुणोत्तर काढणारी ‘बेहर’ ही प्रणाली याच कामासाठी आहे.

आता ते पाच फोटॉन. शीत लोहाची रेषा ६.४ केईव्हीवर असते. १०० मेगापार्सेकवरच्या दीर्घिकेचा रेडशिफ्ट (विश्वाच्या प्रसरणाने प्रकाशाची ऊर्जा किती घटते त्याचं माप) सुमारे ०.०२३, म्हणून ती आपल्याला ६.२५ वर दिसायला हवी, आणि फट नेमकी तिच्याभोवती आहे. सलग वर्णपटातून तिथे एखादाच फोटॉन यावा. म्हणजे रेषेची समतुल्य रुंदी (रेषेइतका प्रकाश सलग वर्णपटाच्या किती रुंद पट्ट्यातून येईल ते) १ केईव्हीच्या घरात जाते. पडदा नसलेल्या केंद्रकांत ती शेकडा-दीडशे इलेक्ट्रॉनव्होल्ट असते; सरळ प्रकाश अडला आणि परावर्तित तेवढा उरला, तरच ती १ केईव्हीपर्यंत चढते. फट मात्र फोटॉन पाहण्याआधी ठरवलेली हवी. आधी फोटॉन पाहून नंतर फट आखली, तर कुठल्याही गर्दीत रेषा सापडते.

एक बारकावा जिवापाड जपण्यासारखा: ६.४ आणि ६.७ मध्ये गल्लत करू नका. ६.७ ची रेषा प्रचंड तापलेल्या, बहुतेक इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोहाची. ती ताराजन्माच्या उधाणातही उमटू शकते. आर्प २२० या दीर्घिकेत एक्सएमएमला ठळक दिसली ती ६.७ चीच, आणि म्हणूनच तिच्यावरून कृष्णविवराचा निर्वाळा देता आला नाही.

मॉडेल बसवताना

एक्सस्पेक किंवा शेर्पा, दोन्ही चालतील. फोटॉन थोडे असतील तर काय-वर्ग (chi-square) विसरा, थोड्या फोटॉनांसाठीची कॅश सांख्यिकी वापरा आणि पार्श्वभूमी वजा न करता सोबत मॉडेल करा.

मॉडेलची मांडणी वाटेकऱ्यांप्रमाणे ठेवते. सर्वांवर आपल्या आकाशगंगेचं शोषण. आत तापलेल्या वायूसाठी एपेक. जोडताऱ्यांसाठी एक घातांकी वर्णपट, ज्याची पातळी मघाच्या हिशेबातून आलेल्या मर्यादेत बांधलेली; ती मोकळी सोडली, तर संगणक जोडताऱ्यांना काहीही देऊन टाकतो. आणि शेवटी पडद्यामागचं केंद्रक: मायटोरस, बोरस किंवा यूएक्सक्लम्पी यांपैकी एखादं, ज्यात शोषण, परावर्तन आणि लोहाची रेषा एकाच भूमितीतून, एकमेकांशी सुसंगत निघते. जोडीला केंद्रकाचा विखुरलेला, काही टक्क्यांचा मऊ अंश.

१०० पेक्षा कमी फोटॉन असतील तर केंद्रकाचा उतार १.८ किंवा १.९ वर पक्का करा. नाहीतर हमखास एक फसवं उत्तर येतं: उतार ०.३, शोषण जवळपास शून्य, दीप्ती क्षुल्लक. आकडेशास्त्र त्यावर खूश असतं, पण निसर्गात ०.३ उताराचं उघडं केंद्रक भेटत नाही. असा सपाट उतार आला की समजावं, हा परावर्तित प्रकाश आहे. आमच्या अशा ३१ फोटॉनांवर साधं मॉडेल हेच सांगेल, आणि टोरसचं (केंद्रकाभोवतीच्या वायूच्या कड्याचं) मॉडेल त्याच फोटॉनांतून खरी दीप्ती कित्येक १०^४१ इतकी काढेल. दोन्ही उत्तरं लिहा. स्तंभघनता आणि खरी दीप्ती यांचा परस्परसंबंध दाखवणारी समोच्च रेषांची आकृतीही द्या, कारण या दोन आकड्यांना एकमेकांपासून तोडून वाचणं अशक्य आहे. बीएक्सए ही बेयस पद्धत इथे विशेष कामाची. ती एका खळग्यात न अडकता दुसरा खळगाही शोधून देते.

बाहेरचे साक्षीदार

क्ष-किरणांनी एवढं सांगितल्यावर दुसऱ्या खिडक्या उघडायच्या. मध्य-अवरक्तातली चार इलेक्ट्रॉन गमावलेल्या निऑनची १४.३ मायक्रॉनची रेषा मला सर्वांत विश्वासू वाटते. निऑनला त्या अवस्थेत नेण्यासाठी ९७ इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात, सामान्य तारे तेवढी ताकद लावू शकत नाहीत. आणि मध्य-अवरक्त प्रकाश धुळीतून बराच पार होतो.

केंद्रकाजवळची १२ मायक्रॉनची दीप्ती आणि २ ते १० केईव्हीची खरी दीप्ती एकाच मापाच्या असतात, हा नियमही हाताशी ठेवा. अवरक्त दीप्ती १०^४२ आणि दिसणारे क्ष-किरण १०^४० असतील तर मध्ये मोठा पडदा असावा. पण हे मोजमाप केंद्रकापुरतं हवं; पूर्ण दीर्घिकेची अवरक्त दीप्ती घेतली, तर ताऱ्यांची धूळही त्यात आली. दुहेरी आयनित ऑक्सिजनची ५००७ अँगस्ट्रॉमची रेषाही असाच मापदंड देते, फक्त धुळीने ती मंदावते आणि ताऱ्यांच्या रेषांत पातळ होते. दृश्य प्रकाशातल्या निदान-आकृत्या अशा दीर्घिकांना ‘केवळ ताराजन्म’ म्हणून मोकळं करतात, त्यामागे हेच पातळ होणं आहे.

वर्षांच्या अंतराने घेतलेली दोन निरीक्षणं असतील तर तीही जुळवून पाहा. एनजीसी ४९४५ चा १० केईव्हीवरचा प्रकाश वेगाने बदलतो, म्हणजे तो थेट केंद्रकातून येतोय. एनजीसी १०६८ चा पडदा १०^२५ च्याही पुढचा, तरी २०१४ मध्ये तो काही काळ विरळ झाला आणि नूस्टारला २० केईव्हीच्या वर जास्तीचा प्रकाश दिसला. मात्र जोडतारेही चढउतार करतात, त्यामुळे नुसता बदल हा पुरावा नव्हे.

दूरच्या दीर्घिका

दूर गेल्यावर एक अनपेक्षित मदत मिळते. रेडशिफ्ट २ वरच्या दीर्घिकेकडून आपण २ ते ७ केईव्हीमध्ये जे पकडतो, ते तिथून निघताना ६ ते २१ होतं. म्हणजे चंद्राच नूस्टारचं थोडं काम करते. तोटा हा, की ताऱ्यांचा वाटाही वाढतो. लेमर यांच्याच २०१६ च्या सूत्राने रेडशिफ्ट २ वर वर्षाला १०० सूर्य आणि ५ × १०^१० वस्तुमान घेतलं, तर ताऱ्यांचे क्ष-किरण ९ × १०^४१ पर्यंत पोहोचतात. जवळच्यांसाठीचं सूत्र तिथे वापरलं असतं तर १.७ × १०^४१ आले असते आणि पाचपट ‘शिल्लक’ फुकटची दिसली असती.

सर्वांत खोल निरीक्षण चंद्राचं दक्षिण खोल क्षेत्र: ७० लाख सेकंद, म्हणजे ८१ दिवसांचा प्रकाश एकाच तुकड्यावर. २०१७ च्या यादीत त्यात १००८ स्रोत आहेत. तरीही बहुतेक दीर्घिका एकेकट्या दिसत नाहीत. तेव्हा स्टॅकिंग करावं लागतं: शेकडो दीर्घिकांच्या जागा एकमेकींवर रचून सरासरी काढायची. रचण्याआधी उघड दिसणारे स्रोत वगळा, वस्तुमान आणि ताराजन्मानुसार गट पाडा, आणि तेवढ्याच यादृच्छिक रिकाम्या जागा रचून पार्श्वभूमी तपासा. सरासरी कठीण आली तर पुन्हा विचारा: सगळ्यांत थोडं-थोडं आहे की चार-दोघांनीच सरासरी ओढली? दीर्घिका पुन्हा पुन्हा यादृच्छिक निवडून सरासरी काढत राहा. उत्तर हेलकावे खात असेल तर ते चार-दोघांचंच काम.

निकाल लिहिताना

आपल्या दीर्घिकेबद्दल मी असं लिहीन: केंद्रकाच्या जागी, अर्ध्या विकलेच्या आत, कठीण वर्णपटाचा स्रोत, ६.४ च्या रेषेचा भक्कम संकेत. दीप्ती ताऱ्यांच्या हिशेबात बसते, आकार बसत नाही. कॉम्प्टन-जाड केंद्रक हे सर्वांत सोपं स्पष्टीकरण. नूस्टारचं निरीक्षण हवं. ‘सापडलं’ हा शब्द नूस्टारमध्ये १० च्या वरचा चढ दिसेपर्यंत राखून ठेवीन.

काहीच दिसलं नाही, तर वरची मर्यादा द्या. वर्तुळ पूर्ण रिकामं आणि पार्श्वभूमी नगण्य असेल तर ९५ टक्के खात्रीची मर्यादा ३ फोटॉन, शून्य नव्हे. ती मर्यादा दोनदा दीप्तीत बदला: एकदा पडदा नाही असं धरून आणि एकदा १०^२४ चा पडदा धरून. वाचणाऱ्याला दोन्हींमधली दरी दिसली पाहिजे. आर्प २२० च्या बाबतीत नूस्टारलाही १० केईव्हीच्या वर ठळक काही मिळालेलं नाही, पण तिच्या पश्चिम केंद्रकापुढचा वायू इतका दाट आहे की त्यातून कठीण क्ष-किरणही क्वचितच बाहेर पडतील. शिवाय मार्केरियन २३१ सारखं केंद्रकही असतं, जे नूस्टारच्या मोजमापांनुसार पडद्यामुळे नव्हे तर मुळातच क्ष-किरणांत अशक्त आहे. म्हणून मर्यादेच्या ओळीखाली कोणता पडदा गृहीत धरला, कोणत्या वर्षाची प्रतिसाद-फाइल वापरली आणि वर्तुळात किती ताराजन्म मोजला, हे तीन आकडे लिहून ठेवा. पुढच्या दुर्बिणीने त्याच जागी पाहणाऱ्याला सर्वांत आधी तेच लागतील.